मालदांडी ३५-१

ज्वारी घ्यायला गेलं की दुकानदार हमखास विचारतो, "मालदांडी देऊ?" मला बरेच दिवस हे गावाचं नाव वाटायचं!

तर मालदांडी हा सोलापूरकडचा गावरान वाण. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात त्यातली चांगली ताटं निवडून, बी वेगळं पेरून 'एम ३५-१' तयार केला. संकर वगैरे काही नाही, नुसती निवड. (नाव मात्र आमच्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसारखं!)

पुढे १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली, आणि खरिपात संकरित वाण पसरले. रब्बीत मात्र मालदांडी हटली नाही. कारण रब्बीची ज्वारी पाऊस सरता सरता पेरतात, मग ती काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. तिथे पाण्यावर पोसलेल्या वाणाचं काय चालणार? शिवाय शेतकरी नुसते दाण्याचे क्विंटल मोजत नाही. संकरित ज्वारी बुटकी, कडबा कमी. उन्हाळ्यात बैलांपुढे टाकायचं काय? आणि खरिपाचं कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडतो, भाकरी बिघडते, भावही पडतो. उत्पन्नाच्या तक्त्यात या गोष्टी कुठे दिसतात!

असो. आजही रब्बीचा नवा वाण आला की त्याच्या शेजारी तुलनेला मालदांडीच पेरतात.