पाली दरवाज्याची वाट

“सर, या पेपरला अपेक्षित काय आहे?”

अमेरिकेच्या इतिहासाचा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न ठरलेला असे. ‘अपेक्षित’ या शब्दाचा विद्यार्थ्यांच्या बोलीतील अर्थ वाचकांस ठाऊक आहेच. परीक्षेच्या तोंडावर बाजारात येणारे पातळ पुस्तक, त्यात वीस-पंचवीस प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे. मी मात्र शब्दाचा मूळ अर्थ धरून बसे आणि अभ्यासक्रम विद्यार्थ्याकडून कशाची अपेक्षा करतो, हे सांगू लागे. वर्गाचा उत्साह तेथेच निम्मा होई.

एका वर्षी राजगडाच्या पायथ्याच्या पालीकडून येणारा एक मुलगा वर्गात होता. तो शांतपणे उठून म्हणाला, “सर, आमच्या अंगणातून गड दिसतो. त्याचाच इतिहास आम्हांला धड ठाऊक नाही. मग अमेरिकेचा कशाला?” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता. त्या दिवशी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर सापडायला पुढली काही वर्षे लागली. ते येथे मांडतो.

राजगडावर जाण्याच्या दोन वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. गुंजवण्याकडून चोरदरवाज्याची वाट चढते. ती जवळची, पण अरुंद आणि अंगावर येणारी आहे. दुसरी पालीकडून येणारी राजमार्गाची वाट. ती लांबची, पायऱ्यांची, रुंद आणि वर भव्य पाली दरवाज्यात पोहोचणारी. इतिहासाच्या अभ्यासालाही अशाच दोन वाटा आहेत. ‘अपेक्षित’ हा चोरदरवाजा होय. त्याने माणूस उत्तीर्ण होतो, नाही असे नाही. परंतु गड कसा बांधला, कोठून राखला आणि कोणी राखला, हे राजमार्गाने सावकाश चढणाऱ्यालाच उमगते. या वाटेच्या पायऱ्या म्हणजेच अभ्यासक्रमाच्या अपेक्षा.

पहिली पायरी : काळ आणि नकाशा

पहिली अपेक्षा अगदी साधी आहे. सनावळी पाठ करण्यापेक्षा ती शेजारी-शेजारी मांडून पाहावी. १६६४ हेच साल घ्या. त्या वर्षाच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. राजधानी तेव्हा राजगड होती. सुरतेत इंग्रजांची वखार होती. जॉर्ज ऑक्झेंडनने ती कशीबशी राखली. त्याच वर्षी सप्टेंबरात अटलांटिकपलीकडे इंग्रजांनी डचांकडून न्यू ॲम्स्टरडॅम घेतले आणि राजबंधू ड्यूक ऑफ यॉर्क याच्या नावावरून त्याचे न्यूयॉर्क केले. इंग्लंडच्या गादीवर दुसरा चार्ल्स होता. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मुंबई बेट मिळाले ते यालाच. एकच राजा, एकच व्यापारी महत्त्वाकांक्षा आणि तिची दोन टोके.

शंभर वर्षे पुढे या. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्याच वर्षी ऑगस्टअखेर शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पुढच्या कलहातून इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध उद्भवले. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आणि हे युद्ध, दोन्ही १७७५ साली पेटली. यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ साली आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. त्याची कबर गाझीपूरला आहे. हे सारे ओळीने मांडल्यावर पालीच्या मुलाला अमेरिका परकी वाटण्याचे कारण उरत नाही.

दुसरी पायरी : कारण आणि परिणाम

येथे घाई घातक ठरते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मागणी हिंदुस्थानकडे वळली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद त्याच तेजीतले धनिक. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरी शिरून कर्जखते जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला.

‘अपेक्षित’मध्ये याचे एक वाक्य होते : अमेरिकन युद्धामुळे दख्खनचे दंगे झाले. परंतु प्रामाणिक विद्यार्थ्याने येथेच थांबावे. युद्ध आणि दंगे यांमध्ये दहा वर्षे आहेत. मध्ये सरकारने वाढवलेला शेतसारा आहे, सावकाराची खाते लिहिण्याची रीत आहे, जमीन गहाण टाकण्याची नवी सोय आहे. कापसाच्या तेजीचा यात वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते मतभेद समजून घेऊन, आपले मत कारणांसह लिहावे, ही या अभ्यासक्रमाची दुसरी अपेक्षा. वहीत एकच ओळ असली तरी चालेल, पण ती तोलून लिहिलेली असावी.

तिसरी पायरी : मूळ कागद

इतिहासाच्या पुस्तकावर पुस्तक वाचून इतिहास कळत नाही. मूळ कागद हातात घ्यावा लागतो. ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लहानसा आहे, तासाभरात वाचून होतो. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे तो सांगतो. तो लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्याच्या मसुद्यातील गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद काँग्रेसने गाळला. १७८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन-पंचमांश मोजला. कागदावर काय लिहिले आहे आणि काय गाळले आहे, दोन्ही वाचावे लागते.

आपल्या मराठी पूर्वसुरींनी हे वाचन आपल्या आधीच केले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. एका दूरच्या देशातील घटनेत त्यांना आपल्या समाजाचा प्रश्न दिसला. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढली अडीचेक वर्षे तो देश हिंडल्या. १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तेथील राज्यव्यवस्था, शाळा, धर्मपंथ, व्यापार आणि स्त्रियांच्या संस्था यांची ओळख त्यांनी आपल्या लोकांना करून दिली. त्या देशाविषयी त्यांना आदर होता. तरीही मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटला नाही. आपण ज्याला सर्वेक्षणाचा अभ्यासक्रम म्हणतो, तो एका मराठी स्त्रीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ग्रंथरूपाने रचला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय, पण इतिहासाचेही त्यांनी अनेक अभ्यासक्रम घेतले. १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉईस यांना पत्र लिहून त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या अर्जाची माहिती मागवली. विद्यार्थिदशेत लागलेली जिज्ञासा तीस वर्षांनी अशी कामी आली.

चौथी पायरी : स्वतःकडे पाहणे

सगळ्यांत अवघड पायरी हीच. दुसऱ्याचे पाप इतिहासात शोधणे सोपे असते. अमेरिकेतील कॅथलिकांची कथा आपल्याला आवडण्याजोगी आहे. १६३४ मध्ये मेरीलँडची वसाहत कॅथलिकांच्या आश्रयासाठी उभी राहिली. १६४९ मध्ये तेथे धार्मिक सहिष्णुतेचा कायदा झाला. पुढे दीर्घकाळ संशय आणि अवहेलना सोसून १९६० साली केनेडींच्या रूपाने कॅथलिक माणूस अध्यक्षपदी निवडून आला. ही सारी माहिती खरी आहे. परंतु जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव कॅथलिक चार्ल्स कॅरल हेदेखील गुलामांचे मालक होते. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम माणसे लुइझियानाला विकली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यासाठी गेला. पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. विकलेली माणसे मात्र परत आली नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये जॉर्जटाउन येथे त्यांच्या वंशजांसमोर संघाने जाहीर क्षमा मागितली.

हा भाग वर्गात शिकवू नये, असे मला एका स्नेह्याने सुचवले होते. मी तो शिकवला. आपल्या घरचे पान मिटून ठेवणाऱ्या शिक्षकाला दुसऱ्याच्या घरचे पान उघडण्याचा अधिकार राहत नाही. पापकबुली काय असते, हे आपल्याला बालपणापासून शिकवले जाते. इतिहासाच्या अभ्यासात तिची गरज काही कमी नाही.

नियम आणि माणूस

आता नियमांविषयी. पंचाहत्तर टक्के हजेरी, निबंध ठरल्या दिवशी, उत्तर स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्याचा विचार घेतल्यास त्याचे नाव : हे चार नियम मी फळ्यावर लिहीत असे. पालीच्या त्या मुलाची हजेरी जुलैत कमी पडली. मी त्याला सर्वांसमोर बोललो. वेल्ह्याच्या मावळात पाऊस लागला की भातलावणी सुरू होते आणि घरातला प्रत्येक हात चिखलात लागतो, हे मला नंतर समजले. त्याने ते सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. कारण न तपासता निकाल देऊ नये, असे वर्गात शिकवणाऱ्या माणसाने स्वतः तेच केले होते.

तेव्हापासून मी दोन प्रकारच्या चुकांत भेद करू लागलो. उशीर क्षम्य आहे. एस.टी. चुकते, लावणी येते, घरात आजारपण येते. अशा वेळी मुदत वाढवून द्यावी आणि बुडालेला तास भरून काढावा. नक्कल मात्र वेगळी. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून लिहिणाऱ्याने ते लिहिणाऱ्याची मेहनत बळकावलेली असते आणि स्वतःचा विचार करण्याची संधी गमावलेली असते. गुलामगिरीवरचा निबंध दुसऱ्याच्या श्रमावर लिहावा, याहून मोठी विसंगती कोणती? आणि विद्यार्थ्याने जसे नियम पाळावेत, तशीच शिक्षकाकडूनही त्याची अपेक्षा असावी : वेळेवर येणे, वाचून येणे, पेपर नीट तपासणे आणि आपल्याला ठाऊक नसेल ते ठाऊक नाही असे सांगणे.

लावणी आटोपल्यावर त्या मुलाने निबंध दिला. महिनाभर उशिराने. विषय अमेरिकेच्या यादवी युद्धाचा होता; पण शेवटच्या पानावर त्याने आपल्या आजोबांकडून ऐकलेली सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनीची हकिकत लिहिली होती. तिचा युद्धाशी संबंध असेल किंवा नसेल, ते आपण कागद पाहिल्याशिवाय सांगू शकत नाही, असे शेवटचे वाक्य होते.

ते वाक्य कोणत्याही ‘अपेक्षित’मध्ये नव्हते. मी त्याला पूर्ण गुण दिले. पुढल्या सुटीत तो जुने कागद पाहायला भोरच्या कचेरीत गेल्याचे कळले. अमेरिकेचा इतिहास कशाला, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच शोधले होते.