मानमोडीची साथ

१९१८ सालच्या इन्फ्ल्यूएंझास मराठी मुलखानें स्वतःचें एक नांव दिलें : मानमोडी. रोग्याची काय अवस्था होत असेल, तें या एका शब्दांतच आलें.

त्या वर्षीं १० जून रोजीं मुंबईच्या गोदीवरील सात पोलीस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले. रोग जहाजानें शहरास दिला कीं शहरानें जहाजास, यावर अधिकारी वाद घालीत राहिले. तोंवर ताप घरोघर पोंचला होता. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरांत आलेली दुसरी मात्र काळरूप ठरली. ६ ऑक्टोबरच्या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. पाऊस फसलेला, धान्य महागलेलें, अशा खेड्यांत ती शिरली. आमचें घाटनांदूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १९११ सालीं त्या राज्याची लोकसंख्या सुमारें १ कोटी ३४ लक्ष होती. १९२१ च्या शिरगणतींत ती १ कोटी २५ लक्षांवर आली. सारी घट मानमोडीचीच नव्हे, प्लेग आणि दुष्काळ यांचाहि तींत वांटा होता.

एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. हा रोग वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर फार तुटून पडला, आणि त्यांतहि स्त्रिया अधिक गेल्या. घरांत शुश्रूषा करणारी तीच, उपाशी राहून इतरांस वाढणारीहि तीच. तेव्हां तापांतून वांचलेल्या कित्येक मुलांच्या नशिबीं आईवांचूनचें घर आलें. हें दुःख मृत्यूच्या आंकड्यांत कोठेंच दिसत नाहीं.

त्या काळीं डॉक्टरांस रोगाचें बीजहि ठाऊक नव्हतें. माणसांतील त्याचा विषाणू १९३३ सालीं लंडनमध्यें हातीं लागला. हा विषाणू रूप पालटीत असतो, म्हणून लस दरवर्षीं नवी घ्यावी लागते. आपल्याकडे तापाचा जोर पावसाळ्यांत आणि पुन्हां थंडींत असतो, यास्तव ती पावसाळ्यापूर्वीं घेतलेली बरी. २००९ सालीं पुण्यानें स्वाइन फ्लूचा फटका सोसला, तेव्हां शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आजारी मुलास शाळेंत न धाडणें हें मात्र एरवींहि करतां येतें. हजेरीच्या हौसेपायीं कित्येक पालक तें करीत नाहींत. मुलास धाप लागली, तें पाणी पिईनासें झालें किंवा मलूल पडलें, तर घरगुती काढ्यावर वेळ दवडूं नये.

सहा महिन्यांखालील बाळास ही लस देतां येत नाहीं. गरोदरपणीं आईनें ती टोचून घेतली, तर तिच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें बाळास जन्मापूर्वींच मिळतात आणि पहिले कांहीं महिने त्याचें रक्षण करितात.