पानी छानकर देना



तीन शब्दांचं एक हिंदी वाक्य आपल्या कितीतरी मराठी जैन घरांत रोज बोललं जातं: 'पानी छानकर देना.' पाहुणे आले, आजीने गोळी हातात घेतली, उन्हातून कुणी दारात येऊन टेकलं, की हे वाक्य आलंच. माझ्या माहेरी, सांगलीकडे, आम्ही 'पाणी गाळून दे' म्हणायचो. हिंदी वाक्य मी शिकले ते लग्नानंतर, डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आल्यावर. शिकायला एक दिवसही लागला नाही. पण हे तीन शब्द कुठून कुठून चालत आपल्या माठापर्यंत आले, ते उलगडायला बरीच वर्षं गेली. आज एकेक शब्द घेऊन त्याबद्दल लिहिते.

पानी

गंजाड हे डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. जगाला ते ठाऊक झालं जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. गंजाडच्या कळंबीपाड्यात राहून त्यांनी वारली चित्रं घरच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

या भागात भाषा कधी एकटी नसते. पाड्यावर वारली बोली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आणि रेल्वे स्टेशनवर हिंदी. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं गुजरातकडे गेली आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. रेघ नकाशावर पडली, बोलणं मात्र दोन्हीकडे तसंच राहिलं. पुढे डहाणूचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं, २०१३ साली मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आणि बाहेरून आलेल्या माणसांबरोबर हिंदीही घरात शिरली. दोघांची भाषा जुळेना, की दोघंही हिंदीत येतात, अशी इथली रीत आहे. गुजराती जावेला, मराठी सुनेला आणि राजस्थानातून आलेल्या शेजारणीला एकाच ओट्यावर काम करायचं असेल, तर दुसरा मार्ग तरी कुठे आहे?

'पानी' हा शब्द मात्र कुणालाच शिकावा लागला नाही. आपण पुस्तकात 'पाणी' लिहितो, पण पाड्यावरची बाई आधीपासून 'पानी'च म्हणते. संस्कृतातल्या 'पानीय'चा अर्थ पिण्याजोगं. म्हणजे शब्दातच ते पाणी पिण्यालायक असल्याची ग्वाही आहे. ती ग्वाही खरी करण्याचं काम पुढच्या शब्दाकडे.

छानकर

इथे मराठी कान गोंधळतो. आपल्याकडे 'छान' म्हणजे सुंदर. 'पानी छान दो' ऐकल्यावर मराठी घरातून आलेल्या नव्या सुनेला वाटावं, सासूबाईंना चांगलं, थंडगार पाणी हवंय! उलट आपलं 'गाळणं' हिंदीत नेलं तर तिथे 'गलाना' म्हणजे वितळवणं, आणि 'गाली' म्हणजे शिवी. एकाच घरात दोन भाषा आल्या की अशा गमती व्हायच्याच.

पण 'छानना' आपल्याला वाटतो तितका परका नाही. निवडणुकीतल्या अर्जांची 'छाननी' होते, ती याच कुळातली. घेण्यासारखं ठेवायचं, बाकीचं वेगळं काढायचं. वैद्यांकडचं औषध आपण 'वस्त्रगाळ' म्हणतो, हिंदीत तेच 'कपड़छन'. क्रिया एक, कापड एक, नावं दोन.

मग आपल्या मराठी चुलीपाशी हिंदी नाव का रुळलं? त्याचं उत्तर मला साधुसंघांच्या विहारात सापडतं. आचार्य शांतिसागर महाराजांचा जन्म १८७२ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोजजवळचा, म्हणजे मराठी-कानडीच्या सीमेवरचा. दक्षिणेतून निघून त्यांचा संघ १९२८ साली सम्मेदशिखरजीला पोहोचला आणि नंतर उत्तरेत गावोगाव फिरला. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांची समाधी झाली. त्यानंतरच्या पिढ्यांत उत्तरेचे संघ दक्षिणेत येऊ लागले, दक्षिणेचे उत्तरेत जाऊ लागले. आचार्य विद्यासागर महाराज सदलग्याचे, मातृभाषा कन्नड, पण त्यांचं 'मूकमाटी' हे महाकाव्य हिंदीत आहे. संघ गावात आला की श्राविका 'चौका' लावतात. चौक्याबरोबर तिथले शब्दही आले: शोध, मर्यादा, छन्ना. ज्या बायका शाळेत हिंदी शिकल्या नव्हत्या, त्या आहारदानाच्या निमित्ताने हिंदी बोलू लागल्या. पुरुषांना हिंदी व्यापाराने शिकवली. आपल्याला ती पाण्याच्या हंड्यापाशी मिळाली.

आता प्रत्यक्ष कृती. आपल्यातल्या बहुतेकींना ती येते, पण लेकीसुनांसाठी लिहून ठेवते. कापड जाड, सुती आणि दुहेरी हवं, इतकं की त्यातून सूर्य आरपार दिसू नये. जुनं माप ३६ अंगुळं लांब आणि २४ अंगुळं रुंद असं सांगतात. दिगंबर परंपरेत नुसत्या गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. उकळलेल्या पाण्याची २४ तास. श्वेतांबरांकडे उकळलेल्या पाण्याचा काळ ऋतूप्रमाणे बदलतो: पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम पाणी गाळून झाल्यावर असतं. कापडावर जे जीव राहिले, त्यांना गाळलेल्या पाण्याने हलकेच उतरवून, जिथून पाणी आणलं तिथेच परत पोचवायचं. याला आपण जीवाणी म्हणतो, हिंदीत बिलछानी, गुजराती बायका संखारो म्हणतात. विहिरीत वरून ओतायचं नाही. तळाला कडी असलेली छोटी बादली पाण्यापर्यंत सोडायची आणि तिथे अलगद पालथी करायची. आपल्या पोटासाठी गाळणं कुणीही करील. जीवाणी परत नेऊन सोडणं हे दुसऱ्याच्या जिवासाठी आहे.

पोटाचा फायदाही लहान नाही, तोही सांगायला हवा. आपल्या आजीच्या काळात गावोगाव नारू होता. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा. त्याची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात राहतात, आणि ते किडे दाट कापडातून पार होत नाहीत. सरकारने १९८३-८४ साली नारूविरुद्ध मोहीम काढली. पायऱ्यांच्या विहिरी बांधून काढणं, पाण्यात औषध टाकणं आणि पाणी कापडाने गाळणं, असे तिचे मार्ग होते. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात जोधपूर भागात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांमध्ये बायकांना जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला शिकवलं होतं. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले. तिथे कॉलरा जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी कमी झाला होता. अर्थात सगळेच रोगजंतू कापडावर अडत नाहीत, म्हणून पावसाळ्यात गाळून झाल्यावर उकळायचंच.

देना

तिसरा शब्द सगळ्यात साधा, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा.

हिंदीत मागण्याच्या पायऱ्या आहेत. 'दे', 'दो', 'दीजिए'. पहिल्यात समोरचा लहान, तिसऱ्यात मोठा. 'देना' मात्र या उतरंडीच्या बाजूला उभं असतं. 'तू' की 'तुम', हे त्यात उघड होत नाही. शिवाय त्यात घाई नाही: हातातलं काम उरकलं की दे, असा सूर आहे. गुजरातीतलं 'आपजो' असंच मऊ. आपल्या मराठीत 'दे' आणि 'द्या' यांतलं एक निवडावंच लागतं, किंवा 'देशील का' म्हणून थोडं वाकावं लागतं.

गंजाडमध्ये हा फरक व्याकरणापुरता राहत नाही. या पट्ट्यात वारल्यांनी पिढ्यान् पिढ्या हुकूमच ऐकले. जमीनदाराच्या शेतावर वेठ, सावकाराच्या घरी वेठ. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही लग्नगडी म्हणून राबायची. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्यांनी तो काळ लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मेले. वेठ गेली, पण फुकट गेली नाही.

आज आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी ताई बहुधा त्याच घरांची नात किंवा पणती असते. डहाणूत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि चैत्र-वैशाखात कित्येक पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. सूर्या नदीचं पाणी नळाने वसई-विरारपर्यंत जातं. इथली बाई मात्र डोक्यावर दोन हंडे घेऊन उतारावरच्या झऱ्याकडे चालते. स्वतःच्या घरचं पाणी भरून ती आपल्याकडे येते, आणि आल्या आल्या आपण तिला पाणीच मागतो.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, गाळायचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचंच नाही. शुद्धीसाठी स्वतः गाळणं उत्तम, त्याबद्दल माझा वाद नाही. पण 'तिच्या हातचं नको' हे कारण मला पटत नाही. गाळणं हे जीव वाचवण्यासाठी आहे. समोरच्या जिवाला हलकं ठरवून ते कसं साधायचं? आमच्या घरी येणाऱ्या ताईला मी कापड दाखवलं, जीवाणी का परत सोडायची ते सांगितलं. तिला हसू आलं नाही की नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे किड्यालाबी त्याचं घर हाय." आमच्या पाठशाळेतल्या मुलांना मी तोच अर्थ तिच्या शब्दांत सांगते.

म्हणून मैत्रिणींनो, घरात 'पानी छानकर देना' म्हणताना तिन्ही शब्द पुरे म्हणूया. पाणी कुणाच्या डोक्यावरून आलं ते लक्षात ठेवायचं. कापड दुहेरी ठेवायचं आणि जीवाणी विसरायची नाही. शेवटचा शब्द आवाज खाली ठेवून म्हणायचा. आणि माठातला पहिला पेला, उन्हातून आली असेल तर, तिला द्यायचा. तेच गाळलेलं पाणी, त्याच भांड्यातून.

मिच्छामि दुक्कडं आपण संवत्सरीला म्हणतो. पाण्याची मर्यादा मात्र दर ४८ मिनिटांनी संपते, आणि कापड पुन्हा हातात घ्यावं लागतं.