लग्नाचा छायाचित्रकार : साक्षीदार की दिग्दर्शक?

१/ राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे एक छायाचित्र ‘लग्नातला फोटो’ म्हणून समाजमाध्यमांवर नेहमी फिरते. वास्तविक त्यांचा विवाह झाला १० फेब्रुवारी १८४० रोजी, आणि हे छायाचित्र रॉजर फेंटन याने टिपले मे १८५४ मध्ये. राणीच्या अंगावर आहे तो दरबारी पोशाख. मग खऱ्या लग्नाचे छायाचित्र कोठे आहे? ते नाहीच. आजचा धागा या अभावापासून सुरू होतो.

२/ दागेरोटाइपची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. राणीच्या लग्नाच्या वेळी ही कला जेमतेम वर्षाची होती. चित्र उमटेपर्यंत माणसाला निश्चल राहावे लागे, आणि लग्न म्हणजे तर सगळीच धावपळ.

३/ २५ जानेवारी १८५८. राणीच्या थोरल्या मुलीचे लग्न. निघण्यापूर्वी राजवाड्यात आई, वडील आणि नववधू दागेरोटाइपसाठी उभे राहिले. राणीला कंप आवरेना. तिची आकृती पुसट उमटली. याची कबुली तिने रोजनिशीतही दिली आहे. तंत्राच्या दृष्टीने चित्र फसले. पण लेक सासरी निघालेल्या आईचे मन त्यात राहून गेले.

४/ १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काच ओली असेतोवर चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे; म्हणून अंधारी खोली सोबत न्यावी लागे. अशा सरंजामाने आपल्याकडील अंतरपाट दूर होण्याचा क्षण कसा पकडणार? तेव्हा विधी आटोपल्यावर जोडप्यानेच छायाचित्रकाराकडे जायचे, हा रिवाज पडला. एक खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, गंभीर मुद्रा. ही ‘शैली’ कोणाच्या आवडीतून आली नाही, अडचणीतून आली.

५/ मुंबई या कलेत मागे नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढे हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला; तेथे कॅमेरा चालवणारी व्यक्तीही स्त्रीच होती. छायाचित्रकार कोण असावा, हा प्रश्न तेव्हाही कौशल्याइतकाच विश्वासाचा होता.

६/ मराठी चित्रपटसृष्टीच्या आद्य पुरुषांची पाळेमुळेही स्टुडिओतच सापडतात. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित करणारे सावेदादा भाटवडेकर व्यवसायाने छायाचित्रकार होते. दादासाहेब फाळके यांनीही उमेदीच्या काळात गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता.

७/ १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि कॅमेरा हातात मावू लागला. आता छायाचित्रकार लग्नघरात वावरू शकत होता. १२ सप्टेंबर १९५३ रोजी न्यूपोर्ट येथे जॉन केनेडी आणि जॅकलिन यांचे लग्न टोनी फ्रिसेल हिने टिपले. फॅशनचे छायाचित्रण स्टुडिओबाहेर, मोकळ्या उजेडात नेणारी आणि महायुद्धही पाहिलेली ही छायाचित्रकार. ज्याची त्याची नजर वेगळी असते आणि लग्नाच्या चित्रांतही ती दिसते, हे येथे स्पष्ट झाले.

८/ चलचित्राची वाट निराळी होती. १९५६ मध्ये ग्रेस केली हिच्या मोनॅकोतील विवाहाचे चित्रण एमजीएम या चित्रपटसंस्थेने केले; सामान्यांना हे स्वप्नवत होते. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅमेरा आपल्या मांडवात शिरला. प्रखर दिवा धरणारा सहायक, डोळे मिचकावणारे पाहुणे, आणि ‘पुन्हा एकदा हार घाला’ अशी आज्ञा. साक्षीदाराचा दिग्दर्शक झाला तो असा.

९/ एक कायदेशीर बाब. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा चित्रफितीचा पहिला स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. चित्रे जाहिरातीत वापरण्याची मुभा आपण तेथेच देऊन बसलेलो असू शकतो.

१०/ आज तंत्राची अडचण उरलेली नाही. म्हणूनच शैली ही खऱ्या अर्थाने निवड झाली आहे. छायाचित्रकार ठरवताना निवडक वीस चित्रे पाहून भुलू नये. एखाद्या संपूर्ण लग्नाची चित्रे मागावीत आणि पाहावे : कोपऱ्यात बसलेली आजी त्यांत आहे का? पंगत वाढणारे हात आहेत का? मंगलाष्टके चालू असताना त्याने विधी थांबवला, की स्वतः थांबला?

११/ पन्नास वर्षांनी आपल्या घराचा इतिहास लिहिणाऱ्याला हीच चित्रे साधन म्हणून मिळतील. फेंटनची राणी रेखीव आहे, पण त्या चित्रात लग्न नाही. १८५८ ची राणी पुसट आहे, आणि लग्न त्याच चित्रात आहे.

आपल्या घरातील सर्वांत जुने लग्नाचे छायाचित्र कोणत्या सालचे आहे? आजीला विचारा, आणि मागच्या बाजूला नावे लिहून ठेवा. (धागा समाप्त)