जपानीत 'हाव ना बे' कसं म्हणायचं? होकाराचे प्रकार आणि त्यातले घोळ

नागपुरात मित्राने 'चहा घेतो का?' विचारलं, तर उत्तर येतं 'हाव ना बे'. तेच साहेबांनी विचारलं तर 'हो सर'. जपानी भाषेतही होकार असाच समोरचा माणूस पाहून बदलतो. मात्र तिथे काही होकारांचा अर्थ आपल्याला वाटतो त्याच्या अगदी उलट असतो.

नागपूरकरांना जपान नवीन नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस टेंपल जपानी मदतीतून उभं राहिलं आणि १९९९ मध्ये खुलं झालं. आता नोकरीसाठीही ही भाषा लागते. जपानने २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी भारताशी करार केला. नर्सिंग केअरसारख्या कामांसाठी मिळणाऱ्या या व्हिसासाठी साधारण एन-४ पातळीचं जपानी यावं लागतं.

मित्रांमध्ये काय म्हणतात?

• उन : आपलं 'हं' किंवा 'हाव'. सगळ्यात जास्त वापरला जाणारा होकार.
• ई यो : 'चालेल'. कुणी काही विचारलं किंवा मागितलं तर.
• वाकात्ता : 'बरं, समजलं'.
• सो दा ने : 'हो ना, खरंय'.
• मोचिरोन : 'अर्थातच'.
• सोरे ना : 'अगदी हेच!' तरुणांची बोली.

चॅटवर 'र्योकाई' म्हणजे 'समजलं' या शब्दाचं आधी 'र्यो' झालं आणि पुढे नुसतं 'रि'. आपण 'ओके'चं 'के' करतो, तसंच.

साहेबांसमोर काय?

इथे 'उन' चालत नाही, 'हाइ' म्हणायचं. 'वाकात्ता'ऐवजी 'वाकारिमाश्ता' आणि ग्राहकासमोर त्याहून नम्र 'काशिकोमारिमाश्ता'. वरिष्ठांना 'र्योकाई' म्हणणं अनेकांना खटकतं. 'हाइ, हाइ' असं दोनदा म्हणणंही टाळा. ते 'हो हो, कळलं' असं वैतागल्यासारखं वाटतं.

'हाइ' म्हणजे नेहमी 'मान्य' नाही

जपानी माणूस तुमचं बोलणं ऐकताना मध्ये मध्ये 'हाइ', 'उन', 'सो देसु ने' म्हणत राहतो. याला 'आइझुची' म्हणतात. मूळ शब्द लोहारकामातला: दोन लोहार आळीपाळीने हातोडा मारतात, त्यावरून आलेला. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी 'जी जी' करतात, तसाच हा प्रकार. अर्थ इतकाच की 'ऐकतोय, पुढे बोला'. त्यामुळे मीटिंगमध्ये समोरचा दहा वेळा 'हाइ' म्हणाला, म्हणून सौदा पक्का झाला असं समजू नका.

आणखी दोन घोळ

पहिला 'दाइजोबु देसु'चा. शब्दशः अर्थ 'ठीक आहे'. पण दुकानात 'पिशवी हवी का?' या प्रश्नाला हे उत्तर दिलं, तर त्याचा अर्थ 'नको, असू द्या' असा होतो. पिशवी हवी असेल तर 'हाइ, ओनेगाइशिमासु' म्हणायचं.

दुसरा घोळ नकारार्थी प्रश्नाचा. 'तुम्ही मांस खात नाही ना?' असं विचारलं आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर जपानीत उत्तर 'हाइ'. म्हणजे 'हो, तुमचं बरोबर आहे, मी खात नाही'. मराठीत 'हो, नाही खात' म्हणतो, त्याच पद्धतीने. इंग्रजीच्या सवयीने 'नो' मनात ठेवून 'ईए' म्हणजे 'नाही' म्हटलं, तर अर्थ होतो 'नाही, मी खातो', आणि ताटात मांस येऊ शकतं.

म्हणून नवीन शिकणाऱ्यांनी नुसत्या 'हाइ'वर थांबू नये, पुढे क्रियापदही जोडावं. 'हाइ, ताबेमासेन' म्हणजे 'हो, खात नाही'. 'हाइ, इकिमासु' म्हणजे 'हो, येतो'. दोन शब्द जास्त लागतात, पण गैरसमजाला जागा राहत नाही.