एअरगनचा सायलेन्सर आणि उसनी अमेरिकन पळवाट

एअरगनच्या तोंडाला लावायची, आवाज मारणारी नळकांडी आपल्याकडे खुशाल बाळगता येते, असे शौकीन मंडळींत ठासून सांगितले जाते. युक्तिवाद असा की एअरगनमध्ये दारू जळत नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ती बंदूकच नव्हे. आणि ती बंदूक नव्हे तर तिचा सायलेन्सर हा बंदुकीचा सायलेन्सर कसा होईल? एवढ्यावरही कोणाला धाकधूक वाटलीच, तर त्याला सल्ला मिळतो: सायलेन्सर म्हणूच नका. 'मॉडरेटर' म्हणा, नाहीतर अमेरिकन शौकिनांनी डोळा मारत काढलेले 'लेड डस्ट कलेक्टर' हे नाव वापरा. म्हणजे शिशाची धूळ गोळा करणारे भांडे!

पूर्वपक्षाला त्याचे माप द्यायला हवे. अमेरिकेत या युक्तिवादाला खरोखर आधार आहे. तिथे 1934 च्या कायद्याने सायलेन्सरवर दोनशे डॉलरांचा कर आणि नोंदणी लादली; 1 जानेवारी 2026 पासून कर शून्यावर आला, नोंदणी मात्र कायम आहे. परंतु 1968 च्या कायद्याने केलेली 'फायरआर्म'ची व्याख्या स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणाऱ्या शस्त्रापुरती आहे. दाबलेल्या हवेवर छर्रा फेकणारी रायफल त्या व्याख्येत बसत नाही.

'युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकर' हा खटला याच मुद्द्यावर लढला गेला. आरोपीने 2004 मध्ये एअर रायफलीचा सायलेन्सर टपालाने पाठवला होता. त्याला आधी शिक्षा झालेली असल्याने 'फायरआर्म' पाठवणे हा त्याच्यासाठी गुन्हा होता, आणि अमेरिकन कायद्यात बंदुकीचा सायलेन्सर स्वतःच 'फायरआर्म' ठरतो. जोडतुकडा लावला तर ही वस्तू खऱ्या बंदुकीचाही आवाज कमी करते, असे सरकार पक्षाने दाखवले. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली. 2010 मध्ये फर्स्ट सर्किटच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. एखादी वस्तू बंदुकीवर चालू शकते एवढे पुरेसे नाही, ती बंदुकीसाठी असल्याचा हेतू दिसला पाहिजे, असे ते न्यायालय म्हणाले.

हा निकाल आपल्या मंडळींना फार प्रिय. पण तो नीट वाचला तर त्यातून नामांतराला काडीचाही आधार मिळत नाही. आरोपी सुटला तो वस्तूचा हेतू पाहून. त्या वस्तूला तो काय म्हणत होता याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नव्हते. शिवाय हा निकाल बंधनकारक आहे तो अमेरिकेच्याच ईशान्येकडील मोजक्या राज्यांत आणि पोर्टो रिकोत. वसईत किंवा कोल्हापुरात त्याचा उपयोग वाचनापुरता.

आता आपला 1959 चा शस्त्र अधिनियम काढू. त्याच्या कलम 2 मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या आहे. ती सांगते की स्फोटकाच्या 'किंवा ऊर्जेच्या इतर प्रकारांच्या' क्रियेने प्रक्षेप्य फेकण्यासाठी बनवलेले किंवा जुळवलेले कोणतेही शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र. अमेरिकन व्याख्येत हे 'किंवा' नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. दाबलेली हवा ही ऊर्जा नाही असे म्हणण्याची हिंमत भौतिकशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही. 'अग्नि' या शब्दाला धरून बसणाऱ्यांनी व्याख्येपुढे शब्दाचा सर्वसाधारण अर्थ चालत नाही, हे ध्यानात घ्यावे.

त्याच व्याख्येच्या पोटात पुढे अग्निशस्त्राची उपसाधनेही घातली आहेत: झाडण्याने होणारा आवाज किंवा लखलखाट कमी करण्यासाठी बनवलेली किंवा जुळवलेली. याचा परिणाम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपल्या कायद्यात ती पोकळ नळकांडी स्वतःच अग्निशस्त्र ठरते. आणि कलम 3 अग्निशस्त्र बाळगायला परवाना मागते. 1962 च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तर ही उपसाधने पहिल्याच वर्गात, निषिद्ध शस्त्रांच्या पंगतीला बसवली होती.

यावर हुकमी उत्तर येते: 'पण एअरगनला तर लायसन्स माफ आहे!' आहेच. 4.5 मिलिमीटरपर्यंतचा व्यास आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. परंतु ही माफीच पूर्वपक्षाच्या मुळावर येते. एअरगन मुळात अग्निशस्त्र नसती तर तिला माफी देण्याचे कारणच काय होते? जे कायद्याच्या कक्षेत आहे त्यालाच सूट देता येते. आणि सूट जेवढ्या शब्दांत दिली तेवढीच असते. इथे ती व्यास आणि ज्यूल मोजून, म्हणजे शस्त्राला दिली आहे. त्याच्या तोंडावर आटे पाडून काय बसवले, याबद्दल त्या मापात काही नाही. बैलगाडीला टोल माफ म्हणून तिच्या मागे बांधलेला ट्रक फुकट जात नाही.

इंग्लंडचा दाखला देणाऱ्यांचेही असेच. तिथल्या 1968 च्या कायद्यातही आवाज-लखलखाटाची हीच शब्दयोजना आहे, आणि तरी 12 फूट-पाउंडांखालच्या एअर रायफलीवर मॉडरेटर राजरोस लावतात. कारण तिथे कमी ताकदीच्या हवाई शस्त्रांना प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेर ठेवणारी रचना वेगळी आहे. शब्द दोन्हीकडे सारखे, ती रचना मात्र आपल्याकडे नाही.

आता नावांकडे. 'सायलेन्सर हा सिनेमावाल्यांचा शब्द, जाणकार सप्रेसर म्हणतात,' हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने फेकले जाते की खोडून काढायला संकोच वाटावा. हायरम पर्सी मॅक्सिमने 1909 मध्ये या वस्तूचे पेटंट मिळवले आणि ती विकली 'मॅक्सिम सायलेन्सर' याच नावाने. अमेरिकन कायदा 'सायलेन्सर' आणि 'मफलर' हे दोन्ही शब्द वापरतो. वस्तू आवाज पूर्ण मारत नाही हे खरे, पण आपल्या मोटरसायकलचा सायलेन्सर तरी कुठे मारतो?

नाव बाजूला ठेवून नळकांडे उघडून पाहावे. आत एकामागे एक शंकूच्या आकाराचे आडपडदे असतात, मध्ये छर्ऱ्यापेक्षा जेमतेम मोठे, सरळ रेषेत पाडलेले छिद्र, आणि कडेने बहुधा फेल्ट. शिशाची धूळ गोळा करायला इतक्या काटेकोर समाक्ष छिद्रांची गरज नसते. छर्ऱ्यामागून सुटणारी हवा कप्प्याकप्प्यांत पसरावी, तिचा दाब उतरावा, म्हणून ही रचना. कायद्यातला 'बनवलेली किंवा जुळवलेली' हा निकष इथे डोळ्यांनी दिसतो.

गंमत अशी की ज्यांच्याकडे साधी ब्रेकबॅरल स्प्रिंग रायफल आहे त्यांना या वस्तूचा फायदाही फारसा नाही. तिचा आवाज मुख्यतः आतला असतो: पिस्टन टोकाला आदळतो, स्प्रिंग झणझणते. तो तोंडावरच्या नळकांड्याने कसा थांबेल? फरक जाणवतो तो पीसीपीत, म्हणजे टाकीत आधीच दाबलेली हवा भरून ठेवणाऱ्या रायफलीत. टाकीत 200 बार किंवा त्याहून जास्त दाब, झडप उघडली की भरपूर हवा नळीतून फुटते. आणि 20 ज्यूलच्या मर्यादेत अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला जेमतेम 280 मीटर जातो. ध्वनीचा वेग 340 च्या आसपास. म्हणजे ध्वनिवेग ओलांडल्याचा कडकडाट नाहीच. उरतो तो तोंडावरचा फटका, आणि मॉडरेटर नेमका तोच खातो. हे खेळणे आहे, असे म्हणणाऱ्यांनी अंधारात पाखरे टिपणाऱ्याच्या हाती हे गेल्यावर काय होते, तेही पाहावे. अरुणाचल प्रदेशाला 2021 मध्ये लोकांनी आपणहून एअरगन जमा कराव्यात म्हणून मोहीम काढावी लागली, ती पक्षी आणि इतर वन्यजीवांपायीच.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो. काही रायफलींत नळीभोवतीचे आवरण कारखान्यातूनच एकजीव येते, सुटे निघत नाही. ते 'उपसाधन' की शस्त्राचाच भाग? इथे शौकिनाची बाजू लंगडी नाही. याउलट स्पर्धेच्या 10 मीटर रायफलीच्या पुढे दिसणारी लांब नळी हा वेगळाच प्रकार आहे. ती पुढची माशी दूर नेऊन नेम सुधारते. तिला सायलेन्सर समजून खेळाडूला अडवणे हे अज्ञान.

शेजाऱ्याला त्रास नको म्हणून गच्चीवर सराव करणाऱ्याला आवाज कमी करावासा वाटणे रास्त आहे, आणि माझ्या मते मर्यादित ताकदीच्या एअर रायफलीपुरती सूट द्यायलाही हरकत नसावी. त्याचा मार्ग कायद्यातच आहे: कलम 41 खाली केंद्र सरकार अधिसूचना काढून सूट देऊ शकते. रायफल क्लबांनी आणि संघटनांनी गृह मंत्रालयाकडे तशी मागणी लेखी नोंदवावी. ती मान्य होईपर्यंत सुटा मॉडरेटर मागवू नये, आणि आधीच घेतला असेल तर वकिलाला मूळ कलम दाखवून सल्ला घ्यावा.