६४४ की ०६४४? एका शून्याचा इतिहास

आज एका शून्याची गोष्ट. ६४४ आणि ०६४४ हे गणिताच्या वहीत सारखेच. पण सर्व्हरवर या शून्यापायी मालकालाच स्वतःची फाइल वाचता येईनाशी होते. कशी, ते समजायला पन्नासेक वर्षं मागे जाऊया.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. मशीन एक, वापरणारे अनेक. मग कुणाची फाइल कुणी वाचायची, हा प्रश्न आलाच. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये त्यासाठी दोन कमांड सापडतात: परवानगी बदलणारी 'सीएचमॉड' आणि मालक बदलणारी 'सीएचओन'. तेव्हा विभागणी सोपी होती. एक मालक, दुसरे बाकीचे. 'ग्रुप' नंतर आला आणि आजचे तीन आकडे झाले: मालकाचा, ग्रुपचा, इतरांचा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. म्हणजे ६४४ असेल तर मालक वाचतो आणि लिहितो, बाकीचे नुसते वाचतात. लक्षात घ्या, ही मोजणी दहाची नाही, आठाची. ऑक्टल!

एकाच मशीनवर हे हातानं जमतं. शंभर मशीनवर? ओस्लोमध्ये मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाला वेगवेगळ्या जातींची युनिक्स मशीन सांभाळताना स्क्रिप्टचा गुंता नकोसा झाला. १९९३ मध्ये त्यानं 'सीएफइंजिन' लिहिलं. कल्पना साधी होती: मशीनला 'हे कर, मग ते कर' सांगत बसू नका, शेवटी काय असायला हवं ते सांगा. फाइल आधीच तशी असेल तर टूल हात लावत नाही, बिघडली असेल तर पुन्हा जागेवर आणतं. २००५ मध्ये 'पपेट' आणि २०१२ मध्ये 'अॅन्सिबल' आलं, तेही याच वाटेनं. मालक, ग्रुप, मोड अशा तीन ओळी लिहायच्या की काम झालं.

आता आपला शून्य. अॅन्सिबलच्या फाइलमध्ये अवतरणचिन्हाशिवाय नुसतं ६४४ लिहिलं, तर ते दशमान धरलं जातं. दशमान ६४४ म्हणजे ऑक्टल १२०४. त्याचा अर्थ काय? मालक फक्त लिहू शकतो, वाचू शकत नाही. ग्रुपला काहीच नाही. आणि इतर सगळे मात्र खुशाल वाचतात! त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर? म्हणून '०६४४' असं शून्यासकट, अवतरणात लिहायचं.

आणि मोड लिहिलाच नाही तर? यावरून २०२० मध्ये बराच गोंधळ झाला. मोड न दिलेली नवी फाइल सहसा सगळ्यांना वाचता येईल अशी तयार व्हायची. ही सुरक्षेतली त्रुटी म्हणून नोंदली गेली, क्रमांक सीव्हीई-२०२०-१७३६. दुरुस्ती म्हणून अशा फाइल ०६००, म्हणजे फक्त मालकासाठी, बनायला लागल्या. झालं! ज्या सेवांना त्या फाइल वाचायच्या होत्या, त्या अडल्या. लगेचच्या आवृत्तीत तो बदल मागे घ्यावा लागला.

चूक कुणाची? टूलनं मोकळं ठेवलं तर गुपितं उघडी पडतात, बंद ठेवलं तर कामं थांबतात. कुठली फाइल पासवर्डची आणि कुठली वेबपेजची, हे टूलला कळायचा मार्गच नाही. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं. तुम्ही गप्प राहिलात तर निर्णय टळत नाही, तो दुसरं कुणीतरी घेतं.

तेव्हा पुढच्या वेळी मालक, ग्रुप आणि मोड, तिन्ही ओळी लिहा. आणि हो, तो शून्य विसरू नका. भेटूया पुढच्या भागात!